लगद्याच्या रोपवनांतून मुतुमचे पुनरागमन

कागदाचा लगदा तयार करणारी कंपनी आणि वन्यजीवांचे संरक्षण या दोन गोष्टी एकत्र उच्चारल्या की वाचकाच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे, कारण जगात अनेक ठिकाणी याच उद्योगाने विविध प्रजातींनी भरलेली जंगले साफ करून तेथे एकाच जातीच्या झाडांच्या रांगा उभ्या केल्या आहेत. तरीही ज्या प्रदेशात मूळ जंगलाचा फार थोडा भाग शिल्लक आहे आणि तोही बहुतांशी खासगी जमिनींवर विखुरलेला आहे, तेथे मोठी भूधारक असलेली वनकंपनी काय करते आणि काय करत नाही, यावर काही प्रजातींचे अस्तित्वच अवलंबून असते. ब्राझीलमधील रिओ दोसे नदीचे खोरे हा असाच प्रदेश आहे. सेनिब्रा या लगदा कंपनीने तेथे १९९० पासून मुतुम या दुर्मीळ पक्ष्याला पुन्हा जंगलात आणण्याचा जो प्रयत्न केला, तो या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे.

हे खोरे ब्राझीलच्या आग्नेय भागात, मुख्यतः मिनास जेराइस राज्यात आहे. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याला लागून आत पसरलेल्या सुमारे १३ लाख चौरस किलोमीटरच्या जंगलाला अटलांटिक अरण्य म्हणतात, आणि हे खोरे एके काळी त्याच अरण्याने झाकलेले होते. अमेझॉनच्या तुलनेत या अरण्याचे नाव जगात कमी ऐकू येते. मात्र विनाशाच्या बाबतीत ते अमेझॉनच्या कितीतरी पुढे गेले असून आज त्याचा साधारण आठवा हिस्सा उरला आहे, आणि तोही लहान-लहान तुकड्यांच्या रूपात. रिओ दोसेच्या मधल्या टप्प्यातील जंगल विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बरेच टिकून होते. त्यानंतर लोहखनिज वाहून नेणारी रेल्वे आली, पोलादाचे कारखाने आले, आणि या कारखान्यांच्या भट्ट्या दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर चालत असल्याने डोंगरच्या डोंगर उघडे पडले. मोकळ्या झालेल्या जमिनीवर गुरांसाठी गवत वाढवले गेले. याच काळात, १९४४ मध्ये, सुमारे ३६,००० हेक्टरचे रिओ दोसे राज्य उद्यान घोषित झाले, म्हणून त्या राज्यातील अटलांटिक अरण्याचा सर्वांत मोठा सलग तुकडा आज तेथे पाहता येतो. उद्यानाच्या सीमेबाहेर मात्र जे काही उरले, ते ओढ्यांच्या घळींत, चढांवर आणि मालकांच्या लहरीवर.

सेनिब्राची स्थापना १९७३ मध्ये ब्राझिली आणि जपानी भागीदारीतून झाली, आणि २००१ पासून ती पूर्णपणे जपानी मालकीची आहे. बेलो ओरिएंते येथील तिच्या कारखान्याला निलगिरीचे लाकूड लागते. ऑस्ट्रेलियातून आणलेले हे झाड ब्राझीलच्या हवामानात इतक्या वेगाने वाढते की लावणीपासून साधारण सात वर्षांत ते तोडणीला येते. कंपनीच्या ताब्यात सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन आहे, मात्र या सगळ्या जमिनीवर निलगिरी नाही. एक लाख हेक्टरहून अधिक क्षेत्रावर मूळ वनस्पती आहे, म्हणजे काही ठिकाणी जुने जंगल आणि बऱ्याच ठिकाणी तोडीनंतर आपोआप पुन्हा वाढलेले दुय्यम जंगल. हे प्रमाण केवळ कंपनीच्या औदार्यातून आलेले नाही, ही बाब येथे स्पष्टपणे नोंदवली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचनाचा पाया त्यातच आहे.

ब्राझीलच्या वनकायद्यानुसार, ज्याची सध्याची आवृत्ती २०१२ ची आहे, प्रत्येक ग्रामीण जमीनमालकाने आपल्या जमिनीचा ठरावीक हिस्सा मूळ वनस्पतीखाली ठेवणे बंधनकारक असते. या हिश्श्याला कायदेशीर राखीव क्षेत्र म्हणतात. अमेझॉनच्या जंगलभागात तो ८० टक्के आणि अटलांटिक अरण्याच्या प्रदेशात २० टक्के असतो. याखेरीज ओढे, नद्या व झरे यांच्या भोवतीची पट्टी आणि तीव्र उतार कायम संरक्षित मानले जातात. दहा मीटरपेक्षा कमी रुंदीच्या ओढ्याच्या दोन्ही काठांना प्रत्येकी ३० मीटर आणि झऱ्याभोवती ५० मीटर त्रिज्येचे क्षेत्र राखून ठेवावे लागते. डोंगराळ प्रदेशात घळी आणि ओढे इतके असतात की या दोन तरतुदींची काटेकोर अंमलबजावणी केली, तरी निलगिरीच्या रोपवनातून मूळ जंगलाच्या शिरा सर्वत्र फिरू लागतात. तिसरी तरतूद ऐच्छिक आहे, आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची म्हणता येईल: मालकाने इच्छा व्यक्त केल्यास त्याच्या जमिनीचा एखादा भाग ‘खासगी नैसर्गिक वारसा राखीव क्षेत्र’ म्हणून नोंदवला जातो, ही नोंद जमिनीच्या दस्तावर कायमची होते, आणि पुढे जमीन विकली गेली किंवा कंपनीचे व्यवस्थापन बदलले तरी नवा मालक ते बंधन काढू शकत नाही. सेनिब्राने ईपाबा गावाजवळील आपल्या फाझेंडा मासेदोनिया या मालमत्तेतील ५६० हेक्टर जंगल १९९४ मध्ये अशा प्रकारे कायमचे राखून ठेवले. मुतुम पक्षी सोडण्याचे काम याच परिसरात झाले.

मुतुम हे दक्षिण अमेरिकेतील मोठ्या, कोंबडीसारख्या वनपक्ष्यांच्या कुळातील अनेक प्रजातींचे नाव आहे. येथे ज्या प्रजातीचा विचार आहे, तिला ब्राझीलमध्ये आग्नेयेकडील मुतुम म्हणतात. नर काळाभोर आणि पोटाखाली पांढरा असतो, त्याच्या चोचीच्या मुळाशी तांबडी गाठ असते आणि डोक्यावर कुरळ्या पिसांचा तुरा असतो. मादीची पोटाकडची पिसे तांबूस असतात. वजन तीन किलोच्या पुढे जाते. हा पक्षी जमिनीवर फिरून गळून पडलेली फळे, बिया, कोवळी पाने आणि किडे खातो, रात्री झाडावर विसावतो आणि घरटेही झाडावरच बांधतो. पृथ्वीवर तो अटलांटिक अरण्याखेरीज कोठेही आढळत नाही, आणि दक्षिण बाहिया, एस्पिरितो सांतो, मिनास जेराइस व रिओ दि जानेरो या राज्यांतील सखल जंगले हेच त्याचे मूळ घर होते.

तो नाहीसा होण्याची कारणे त्याच्या जीवनक्रमातच दिसतात. मांसल, मोठा, जमिनीवर वावरणारा आणि विणीच्या काळात खोल घुमणाऱ्या आवाजाने आपला ठावठिकाणा सांगणारा पक्षी शिकाऱ्याला सहज सापडतो. मादी एका वेळी साधारणपणे दोनच अंडी घालते, त्यामुळे मारल्या गेलेल्या पक्ष्यांची भरपाई संथ होते. जंगल तुटले की तुकड्यातील पक्षी थोडे उरतात, आणि मोकळी कुरणे ओलांडून दुसऱ्या तुकड्यात जाण्याची त्यांची प्रवृत्ती नसल्याने एकदा रिकामा झालेला तुकडा पुन्हा आपोआप भरत नाही. झाडे उभी आहेत, सावली आहे, फळे पिकतात, पण ती खाणारे मोठे पक्षी नाहीत, अशी स्थिती निर्माण होते. पर्यावरणशास्त्रात अशा जंगलाला रिते जंगल म्हटले जाते. ही रिती अवस्था झाडांनाही भोवते. मुतुमचाच भाऊबंद असलेला जाकुतिंगा नावाचा पक्षी जुसारा पामची फळे गिळतो आणि त्यांच्या बिया दूरवर टाकतो. असे फलाहारी पक्षी संपले की मोठ्या बियांच्या झाडांची रोपे केवळ आईझाडाखालीच उगवतात आणि तेथेच सावलीत मरतात. म्हणून मूळ जंगल राखणे आणि मूळ प्राणी परत आणणे ही दोन स्वतंत्र कामे मानणे चुकीचे आहे.

ब्राझीलमध्ये या पक्ष्याच्या पैदाशीचे ज्ञान क्राक्स या संस्थेकडे होते. रॉबेर्तो आझेरेदो यांनी मिनास जेराइसमधील कोंताजेम येथे उभारलेल्या या केंद्रात मुतुम व त्याच्या जवळच्या कुळांतील पक्ष्यांची बंदिवासातील पैदास अनेक वर्षांच्या निरीक्षणातून यशस्वी झाली होती. कंपनीकडे जमीन, पहारा आणि पैसा होता, संस्थेकडे पक्षी आणि त्यांना वाढवण्याचे कौशल्य होते. १९९० मध्ये दोघांनी केलेल्या भागीदारीतून प्रकल्प सुरू झाला. मुतुमबरोबरच जाकुतिंगा, जाकुआसू, माकुको, काप्वेरा अशा इतर वनपक्ष्यांनाही पुढे या कामात स्थान मिळाले. यांपैकी माकुको हा जमिनीवर घरटे करणारा पक्षी असून त्याची अंडी नर उबवतो, म्हणजे प्रत्येक प्रजातीसाठी सोडण्याची पद्धत आणि धोक्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

पिंजऱ्यात वाढलेला पक्षी जंगलात नेऊन दार उघडले की काम झाले, अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. प्रत्यक्षात दार उघडणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने प्रजातींच्या पुनर्स्थापनेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे २०१३ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांत पहिला प्रश्न असा विचारला जातो की प्रजाती ज्या कारणाने तेथून नाहीशी झाली, ते कारण दूर झाले आहे काय. मुतुमच्या बाबतीत जंगलतोडीबरोबरचे मोठे कारण म्हणजे शिकार. त्यामुळे पहारा, जंगलात शिरणाऱ्या रस्त्यांवर नियंत्रण आणि आसपासच्या गावांशी, विशेषतः ज्या घरांत शिकारीची परंपरा आहे त्यांच्याशी, सातत्याचा संवाद हे पक्षी येण्यापूर्वीच सुरू व्हावे लागते. त्यानंतर पक्ष्यांची निवड होते: एकाच जोडीची पिल्ले एकत्र सोडल्यास पुढे सख्ख्या भावंडांत प्रजनन होण्याचा धोका असतो, म्हणून वंशावळीच्या नोंदी पाहिल्या जातात. रोगतपासणी आवश्यक असते, कारण पाळीव कोंबड्यांचे रोग या पक्ष्यांतून जंगलात पोहोचू शकतात. मग पक्ष्यांना जंगलाच्या आत बांधलेल्या मोठ्या जाळीदार दालनात काही काळ ठेवले जाते, तेथे त्यांना त्याच जंगलातील फळांची, आवाजांची आणि पावसाची सवय होते. दार उघडल्यानंतरही काही काळ दालनापाशी खाद्य ठेवले जाते आणि पक्षी हवे तेव्हा परत येऊ शकतो. या पद्धतीला सौम्य मुक्तता म्हणतात. पायात कडी किंवा पाठीवर लहान रेडिओ प्रेषक बसवल्याने कोणता पक्षी कोठे गेला आणि कसा मेला, हे कळते, आणि मृत्यूचे कारण कळल्याशिवाय पुढच्या तुकडीची तयारी करता येत नाही.

फाझेंडा मासेदोनियात सोडलेल्या मुतुमांनी जंगलात घरटी केली आणि तेथे पिल्ले जन्माला आली, ही या प्रयत्नाची खरी कसोटी होती. सोडलेले पक्षी किती, हा आकडा वार्षिक अहवालात शोभून दिसतो. प्रजातीच्या दृष्टीने मात्र पिंजरा कधीच न पाहिलेल्या पहिल्या पिल्लाचे महत्त्व त्या आकड्यापेक्षा मोठे आहे. क्राक्सच्या पक्ष्यांचा उपयोग पुढे इतरत्रही झाला. मिनास जेराइसच्या वीज कंपनीने आपल्या धरणाजवळ राखलेल्या पेती येथील जंगलात ते सोडण्यात आले, आणि रिओ दि जानेरो राज्यातील ग्वापियासू खोऱ्यातील एका खासगी राखीव क्षेत्रात २००६ ते २००८ या काळात रेडिओ प्रेषक लावून सोडलेल्या पक्ष्यांचा बारकाईने अभ्यास झाला. तेथे हिंस्र वन्यप्राण्यांबरोबर पाळीव कुत्री आणि माणूस हेही मुतुमच्या मृत्यूला कारणीभूत असल्याचे दिसले. सुटी फिरणारी कुत्री हा धोका भारतीय वाचकालाही परिचित आहे. माळढोक आणि काळविटापासून कोल्ह्यापर्यंत अनेकांना तो येथेही सोसावा लागतो.

येथपर्यंतच्या वर्णनावरून असे वाटू शकेल की कंपनीने एक चांगले जंगल बाजूला काढून ठेवले आणि उरलेल्या जमिनीवर पूर्वीप्रमाणेच निलगिरी लावली, तरी पुरेसे आहे. पण ५६० हेक्टरचा एकाकी तुकडा मुतुमसारख्या पक्ष्याची दीर्घकाळ टिकणारी संख्या सांभाळू शकत नाही, त्यामुळे तुकड्याभोवतीच्या रोपवनाचे व्यवस्थापन हाच संवर्धनाचा दुसरा आणि अधिक कठीण भाग ठरतो. जंगलाच्या तुकड्याच्या कडेला ऊन, वारा आणि कोरडेपणा आत शिरतो, वेली माजतात, मोठी झाडे मरतात. याला कडेचा परिणाम म्हणतात. कुरणाऐवजी शेजारी उंच निलगिरी असेल तर ही कड काहीशी झाकली जाते आणि पूमा किंवा तापीर यांसारखे प्राणी त्या सावलीतून एका तुकड्यातून दुसऱ्यात जातात. मात्र सात वर्षांनी संपूर्ण डोंगर एकाच वेळी तोडला गेला, तर हे आवरण एका आठवड्यात नष्ट होते. यावरचा उपाय असा की तोडीचे कूप, म्हणजे एका वेळी तोडायचे भाग, लहान ठेवायचे, शेजारी-शेजारी वेगवेगळ्या वयाची रोपवने असतील अशा रीतीने तोडीचा क्रम आखायचा आणि ओढ्याकाठच्या जंगलपट्ट्या एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत अखंड जोडायच्या. गोधडीत वेगवेगळे तुकडे शिवणीने एकत्र धरले जातात, तशी ही रचना असते, आणि त्यात शिवणीचे काम ओढ्याकाठच्या पट्ट्या करतात.

अशा आखणीमुळे लाकूड वाहून नेण्याचा खर्च वाढतो, यंत्रे वारंवार हलवावी लागतात, आणि पट्टी रुंद केल्यास तेवढी लागवड कमी होते. याशिवाय निलगिरीखाली आपोआप उगवणारी देशी रोपे तणनाशकाने मारली नाहीत तर तेथे झुडपांचा खालचा थर तयार होतो, ज्याचा लहान पक्ष्यांना आश्रय म्हणून उपयोग होतो; पण तोडीच्या वेळी तोच थर यंत्राला अडथळा ठरतो. जैवविविधतेसाठी कंपनी काय सोडायला तयार आहे, हे या निर्णयांतून कळते. पक्षी सोडण्याच्या समारंभाचा खर्च त्यामानाने किरकोळ असतो, म्हणून कोणत्याही वनकंपनीच्या दाव्याची परीक्षा करताना प्रथम तिचा तोडीचा नकाशा पाहणे योग्य होय.

निलगिरीच्या विस्तारावर ब्राझीलमध्ये ‘हिरवे वाळवंट’ अशी जी टीका होते, ती निराधार नाही. एकाच वंशाच्या रोपांचे सलग हजारो हेक्टर पसरले की तेथे फळे नसतात, ढोली नसतात, पाण्याचा उपसाही लक्षणीय असतो. जमिनीच्या मालकीचे प्रश्न त्याहून गंभीर आहेत: शेजारच्या एस्पिरितो सांतो राज्यात तुपिनिकिम आणि ग्वारानी या आदिवासी समाजांची जमीन एका लगदा कंपनीच्या लागवडीखाली गेली होती, तिच्यासाठी त्यांनी दीर्घ लढा दिला आणि २००७ मध्ये केंद्रीय न्यायमंत्रालयाने सुमारे १८,००० हेक्टर जमीन त्यांची असल्याचे जाहीर केले. मूळ जंगल तोडून लावलेल्या रोपवनाशेजारी पक्षी सोडल्याने ते जंगल परत येत नाही, आणि हिरावलेल्या जमिनीवर राखलेले अभयारण्यही न्याय्य ठरत नाही. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलसारख्या प्रमाणन संस्था या दोन्ही बाबींची तपासणी करतात. त्यांच्या प्रमाणपत्रामुळे युरोपातील खरेदीदारांचा दबाव दूरच्या डोंगरापर्यंत पोहोचतो, हे मान्य करावे लागते, तरी देशाच्या कायद्याची आणि स्थानिक लोकांच्या जागरूकतेची जागा ते प्रमाणपत्र घेऊ शकत नाही.

मुतुमच्याच कुळातील दुसऱ्या एका प्रजातीचा इतिहास उशिराची किंमत दाखवतो. ईशान्य ब्राझीलच्या आलागोआस राज्यातील मुतुम उसाच्या शेतीमुळे जंगलातून पूर्णपणे संपला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेद्रो नार्देली या पक्षिपालकाने शेवटचे काही पक्षी पकडून सांभाळले, आणि आज अस्तित्वात असलेले त्या प्रजातीचे सर्व पक्षी केवळ तीन पूर्वजांपासून आलेले आहेत. मध्यंतरी दुसऱ्या प्रजातीशी संकर झाल्याने शुद्ध वंशाचे पक्षी डीएनए चाचणीने वेगळे काढावे लागले. २०१९ मध्ये यांतील काही जोड्या त्याच राज्यात परत नेण्यात आल्या, त्याही एका साखर कारखान्याच्या मालकीच्या राखीव जंगलात, कारण तेथील उरलेसुरले जंगल मुख्यतः साखर कारखान्यांच्याच ताब्यात आहे.

महाराष्ट्रात या विषयाशी थेट संबंध येतो तो वन विकास महामंडळाचा. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ मध्ये उत्पादक वनीकरणासाठी राज्यांनी महामंडळे स्थापावीत अशी शिफारस केली, आणि त्यानुसार १९७४ मध्ये ही कंपनी स्थापन झाली. मिश्र जंगल साफ तोडून त्या जागी साग लावणे ही तिची दीर्घकाळची पद्धत होती, आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत वनहक्क मिळवलेल्या ग्रामसभांनी तिला केलेला विरोध मोहफूल, तेंदू, बांबू आणि चारोळी देणारे जंगल गमावण्याच्या अनुभवातून आला होता. विदर्भात मात्र ब्राझीलहून एक मोठा फरक आहे: येथे वाघ, गवा, अस्वल आणि रानकुत्री अजून जंगलात आहेत, आणि ताडोबाच्या भोवतालची महामंडळाची जंगले त्यांच्या नित्य वावराची व प्रजननाचीही जागा आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात महामंडळाच्याच ताब्यातील सुमारे २६९ चौरस किलोमीटर जंगलाला २०२१ मध्ये कन्हाळगाव अभयारण्याचा दर्जा मिळाला. ज्या प्रदेशात प्राणी स्वतःच्या पायांनी येतात, तेथे त्यांना पिंजऱ्यातून आणण्याची गरज पडत नाही; तेथे सागाच्या कुपांमधून वाहणाऱ्या नाल्यांच्या दोन्ही काठांवर अर्जुन, जांभूळ, उंबर आणि करंज यांची पट्टी राखणे, तोडीच्या वेळी जुनी ढोलीची झाडे उभी ठेवणे, एका खोऱ्यातील सर्व कूप लागोपाठच्या वर्षांत न उघडणे आणि या पट्ट्यांची नोंद कार्य आयोजनेत, म्हणजे वनव्यवस्थापनाच्या अधिकृत दीर्घकालीन आराखड्यात, ग्रामसभेच्या संमतीने करणे, एवढे काम हाती घ्यावे लागते.